विठूआजाची खूण आणि सदूचा खांदा

शिमगा जवळ आला की तळेकोंडातल्या माणसांच्या आधी त्यांच्या पायांना कळतं. लाकडं फोडताना, एस.टी.ची वाट बघताना, अगदी ग्रामपंचायतीत दाखल्यासाठी रांगेत उभं असताना पाय आपले ढोलाच्या ठेक्यावर हलायला लागतात. रत्नागिरीपासून तासाभरावरचं हे गाव. साठ-पासष्ट घरं, मधून वाहणारा एक पऱ्या, नवलाईचं देऊळ आणि देवळासमोर पालखी बसवायची सहाण. वर्षभर निम्म्या घरांना कुलूप असतं, पण शिमग्याला मुंबईचा माणूस साहेबाशी भांडून, खोटी आजी मारून, कसाही गावात हजर होतो.

आमचा सदू याच गावचा. त्याला विचाराल तर तो जन्मला तोच पालखीच्या दांडीखाली. खरं तर तो गोठ्याशेजारच्या खोलीत जन्मला, पण त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. पालखीची पुढची डावी बाजू हा त्याच्या घराचा मान. आजानं तिथे खांदा दिला, बापानं दिला आणि बाप गेल्यावर विसाव्या वर्षी सदूनं. त्याच्या डाव्या खांद्यावर दांडीनं एक घट्टा पडला होता आणि तो घट्टा दिसावा म्हणून शिमग्याच्या पंधरवड्यात हा बाबा घरात बनियनच घालत नसे.

या शिमग्यातला सगळ्यात मोठा खेळ म्हणजे खूण काढणं. त्या दिवशी पहाटे गावातला एकच माणूस एक असोला नारळ, म्हणजे सालासकट, लाल चिंधीत बांधून कुठेतरी वीतभर खोल पुरतो. कुठे, ते त्याला आणि देवीलाच ठाऊक. दुपारी चौघे पालखी खांद्यावर घेतात, ढोल-ताशा सुरू होतो आणि पालखी ओढ घेते. ती नेईल तिथे जायचं, ती झुकेल तिथे खणायचं. तीनदा खणायची मुभा. यात देवी किती आणि माणसं किती, याचा हिशोब तळेकोंडात कुणी मांडलेला नाही. खूण निघते, आणि निघाली की सगळं गाव एका आवाजात ओरडतं, एवढं मात्र खरं.

खूण पुरायचा मान विठूआजाचा. सदूच्या वरच्या घरातला हा म्हातारा सगळ्या वाडीचाच आजा. चाळीस वर्षं तो खूण पुरत आला आणि चाळीस वर्षं ती निघत आली. सदू पहिल्यांदा दांडीखाली उभा राहिला तेव्हा त्याला यानंच शिकवलं होतं. "ढकलायचं नाय, सद्या. वाट दाखवायची नाय. खांदा ढिला सोडायचा आणि ऐकायचं," आजा म्हणाला होता.

आता एकोणीसशे नव्याण्णवचा शिमगा. गेली चार वर्षं सदू रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात धाकू तांडेलाच्या ट्रॉलरवर खलाशी होता. कष्टाचं काम, खारं वारं, पाठ मोडून यायची. बोटीवरच्या एका दोस्तानं विडीतली तंबाखू काढून गांजा भरून दिला. पहिल्याच दिवशी पाठदुखी कुठल्या कुठे पळाली आणि सदू तासभर एका बोंबलाकडे बघून हसत बसला. वाईट काय त्यात? हळूहळू दिवसाला एक विडी झाली, मग तीन, मग मोजायचंच बंद झालं. मनात मात्र त्यानं स्वतःची बाजू पक्की करून ठेवली होती. दारूवाला घरी येऊन भांडी फेकतो, बायकोवर हात टाकतो. आपण काय करतो? गप बसतो. शिवाय ही शंकराची बुटी, साधू ओढतात, म्हणजे निम्मं देवाचंच काम.

तो गप बसे, हे खरंच होतं. त्याच्या बायकोची, दर्शनाची, तक्रारच ती होती. "तुमी घरात असता आणि नसता पण," ती एकदा म्हणाली. घरी आला की सदू ओट्यावर बसे, खोके आणि समोरच्या फणसाकडे बघे. सांगितलेलं डोक्यात राहीना, म्हणून दर्शनानं त्याच्या टॉवेलच्या टोकाला गाठी मारायला सुरुवात केली. एक गाठ रॉकेलची, एक गुळाची, एक सासूच्या औषधाची. संध्याकाळी सदू परत आला की टॉवेलाला तिन्ही गाठी जशाच्या तशा असत आणि पिशवी रिकामी. गाठी कशाच्या तेच त्याला आठवत नसे.

पालखीला खांदा देणाऱ्यांनी पाच दिवस दारू प्यायची नाही आणि मासळी खायची नाही, असा गावाचा कडक नियम. सदूनं तो कडक पाळला. बांगड्याच्या वासानं जीव कासावीस झाला तरी त्यानं तुकडा तोंडात घातला नाही. गांजाचं कुणी काही बोललंच नव्हतं. खूण काढायच्या दिवशी जेवणं झाल्यावर तो खळ्याच्या बांधाशी, काजूच्या बुंध्याआड बसला आणि लागोपाठ दोन विड्या ओढून धुतलेल्या मनानं पालखीखाली गेला.

आणि काय तो दिवस. ढोलावर टिपरी पडली आणि सदूला वाटलं, ढोल आपल्या छातीतच वाजतोय. दांडी खांद्यावर आली ती कापसाची. आणि मग ओढ आली. इतक्या वर्षांत अशी ओढ त्याला कधी लागली नव्हती. डावीकडे ओढ, पुन्हा डावीकडे, पाय जमिनीला लागत नव्हते. बाकीच्या तिघांनी काय करावं? पुढचा मानकरी एवढा झुलतोय, एवढा घुमतोय, म्हणजे देवीच आली, असं समजून तेही त्याच्यामागे सुटले. पालखी पऱ्या ओलांडून गेली, गावचा प्रमुख, गावकार महिपत, त्याच्या शेताचं कुंपण मोडलं आणि कडव्या वालाच्या भर पिकात सदूचे गुडघे वाकले. पालखी झुकली. गाव ओरडलं, "इथं, इथं." खणलं. गुडघाभर खणलं. निघाली ती एका फुटक्या कपाची कान तुटलेली बाजू.

दुसऱ्यांदा पालखी कुणाच्या तरी शेणकीवर झुकली, तिसऱ्यांदा सपाट कातळावर. कातळावर खणणार काय, कपाळ? ढोलवाले आपसूक थांबले. एवढ्या मोठ्या गर्दीत फक्त एक पोर रडत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

"विठू," महिपत म्हणाला, "तूच दाव आता. कुठं पुरलीस?"

विठूआजा पुढे आला. पालखीवरचा हार एका बाजूला कलला होता, तो सारखा करायला तो अगदी सदूच्या तोंडाजवळ उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. सदूला वाटलं, म्हातारा लाजेनं तोंड लपवतोय.

"गावकार," आजा वळून म्हणाला, "मी इसरलो."

पहिलं हसू कुणाला फुटलं असेल? सदूला. खो खो हसला तो. त्याच्या मागून सगळे हसले आणि गावाच्या छातीवरचा धोंडा उतरला. देवी चुकली नाही, पालखी चुकली नाही, म्हातारं विसरलं. झालं.

गावाचं झालं, विठूआजाचं मात्र सुरू झालं. शेंबडी पोरं वाटेत अडवून विचारू लागली, "आजा, आज वार कंचा?" त्याचा मुलगा संदेश बापावर जीव टाकणारा, पण तोही घाबरला. त्यानं आजाचा कोयता काढून घेतला, एकट्यानं एस.टी.त बसायची बंदी केली, पऱ्यावर जायचं तर बरोबर माणूस. सून जेवण झाल्यावर मुद्दाम विचारी, "मामंजी, जेवलात ना?" आजा सगळ्यांना शांतपणे उत्तरं द्यायचा. सदू तर ओट्यावरून हाक मारून म्हणायचा, "आजा, मी कोण ता तरी आठवतंय ना?"

मे महिन्यात सदूची पाळी आली. जाळं वर ओढताना दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावर, विंचवर, तो होता. थांबवायचा इशारा झाला आणि त्यानं लगेच थांबवलं, असं तो आजही शपथेवर सांगेल. बोटीवरच्या बाकीच्यांनी पाहिलं ते वेगळं. तो इशाऱ्याकडे बघत नुसता उभा होता आणि दोराबरोबर एका खलाशाचा हात आत चालला होता. त्यानं हिसका देऊन हात सोडवला, बोटांची सालं गेली, बोटं वाचली. धाकू तांडेल ओरडला नाही. "सदू, तू वायट माणूस नायस," तो म्हणाला, "पन माज्या बोटीवर नको." ओरडला असता तर सदूला बरं वाटलं असतं.

श्रावणात लावणी उरकली होती. सदू विडी घेऊन खळ्याच्या बांधाशी, आपल्या नेहमीच्या काजूआड गेला. पावसानं तिथे गुडघाभर गवत माजलं होतं आणि गवतात, त्याच्या बसायच्या जागेपासून चार पावलांवर, एक कोंब उभा होता. जाड, हिरवा, टोकाशी चिरलेला. माडाचा कोंब. आसपास कुठे माड नाही, इथे रोप कोण लावणार? सदूनं बोटांनी माती उकरली. वीतभर खाली असोला नारळ होता आणि त्याला लाल चिंधी. चिंधीला विठूआजाची दुहेरी गाठ.

सदू तिथेच मातीत बसला. मनात एकेक गोष्ट सरळ उभी राहू लागली. आजानं खूण इथे पुरली होती. आपण पालखीआधी खुणेशेजारीच गांजा ओढत बसलो होतो. विसरण्यासारखी ही जागाच नव्हती. नारळ खळ्याच्या बांधाला, नीट काजूची खूण धरून पुरलेला. ते हार सारखा करणं. ते इतका वेळ तोंडाजवळ उभं राहणं. सदू तिथून जो सुटला तो चिखलाच्या पायांनी थेट वरच्या घरात.

विठूआजा पडवीत दोर वळत बसला होता. "आजा, तुमी इसरला नव्हतात," सदू धापा टाकत म्हणाला.

आजानं वर पाहिलं. "उगवला काय?" त्यानं विचारलं.

"तुमी बोलला का नाय?"

"काय बोलू? तुज्या तोंडाला वास येत व्हता. जागा दावली असती तर लोक म्हनले असते देवी चुकली. वास सांगितला असता तर तुजा खांदा गेला असता, तुज्या बापाचा गेला असता. म्हातारा इसरला तर कुनाचं काय जातं, असं वाटलं मला." त्यानं दोराला पीळ दिला. "गेलं रे पन. संदेश मला पऱ्यावर एकट्याला सोडत नाय."

सदू तिथेच, पडवीच्या पायरीवर, लहान पोरासारखा रडला. मी सांगून टाकतो सगळ्यांना, आत्ताच, असं म्हणत तो उठला तर आजानं त्याचा हात धरला. "सांगायचं तर शुद्धीत सांग," तो म्हणाला. "आज बोललास तर लोक म्हनतील, गांजा बोलतोय."

दर्शना त्याला रत्नागिरीत डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी छाती तपासली, सगळं ऐकून घेतलं. खोकला विडीचा, विसरणं गांजाचं, आणि वेळेचा अंदाज चुकणंही त्याचंच, असं त्यांनी सरळ सांगितलं. "सोडलास तर जीव जाणार नाही," ते म्हणाले, "पण दोन आठवडे तुझ्याशी कुणाला बोलावंसं वाटणार नाही. झोप उडेल, भूक जाईल, भलती स्वप्नं पडतील. तेवढे काढ." विसरणं जाईल का, असं दर्शनानं विचारलं. बरंचसं जाईल, सगळं आणि लगेच असं वचन देत नाही, असं ते म्हणाले. सदूला तो माणूस आवडला.

ते दोन आठवडे. सदू घामानं भिजायचा, भाताचा घास त्याला लाकडाचा लागायचा, कोंबडं आरवलं तरी त्यावर ओरडायचा. स्वप्नात कातळ खणायचा. पंधरवडा सरला, जरा बरं वाटू लागलं आणि गणपतीत मुंबईच्या मंडळींबरोबर बसून एक विडी ओढलीच. सकाळी त्यानं स्वतःहून दर्शनाला सांगितलं. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर नव्यानं पहिल्या दिवसाची खूण केली. त्यानंतर मात्र खंड पडला नाही. दसऱ्याच्या सुमारास एकदा सदू बाजारातून आला, पिशवीतून रॉकेल, गूळ, औषध आणि दर्शनानं जाताजाता सांगितलेली सुई काढून ओळीनं मांडली आणि टॉवेल झटकून दाखवला. एकही गाठ नव्हती. आनंदानं त्यानं तिला चुलीपुढेच गरकन फिरवलं. सासू बघत होती, तरी दर्शना हसली.

दोन हजारच्या शिमग्याआधी देवळात गाव बसलं. खूण आता रघूनं पुरावी, अशी गोष्ट निघाली. रघू तरणा, ध्यानाचा पक्का. माना हलायला लागल्या. तेवढ्यात सदू उभा राहिला. हातात डालड्याचा जुना डबा, डब्यात हातभर उंच माडाचं रोप आणि रोपाच्या बुडाशी अजून चिकटलेला नारळ. डबा त्यानं महिपतसमोर ठेवला.

"ही गेल्या साली आजानं पुरलेली खूण," तो म्हणाला. "खळ्याच्या बांधाला उगवली. आजा इसरले नव्हते. देवी चुकली नाय. मी गांजा ओढून पालखीखाली गेलो. तुमी जिला ओढ समजलात ती माजी झिंग व्हती. आजांनी माज्यासाठी तोंड काळं करून घेतलं आणि सगळ्यात आधी मी हसलो."

मग जो गलका झाला तो विचारू नका. कुणी देवी बाटली म्हणालं, कुणी सदूच्या अंगावर धावलं, कुणी आपल्या वालाच्या कुंपणाची आठवण काढली, तो अर्थात महिपत. संदेश उठून बापाच्या पायाशी जाऊन बसला आणि मान वर करेना. शेवटी महिपतनं गावाच्या वतीनं सांगितलं, खूण विठूआजाच पुरणार, आणि सदूला तीन शिमगे खांदा नाही. नियमात दारू आणि मासळीच्या जोडीला गांजा घातला. त्या दिवशी घरी जाताना विठूआजा एकटा पऱ्यावर गेला, तासभर पाय सोडून बसला आणि कुणीही त्याला न्यायला गेलं नाही.

तीन शिमगे सदू गर्दीला पाणी वाटत फिरला. ढोल वाजला की डावा खांदा आपोआप खाली व्हायचा, मग तो कळशी त्या खांद्यावर घ्यायचा. खूण तिन्ही वर्षं निघाली. धाकू तांडेलानं त्याला आधी धक्क्यावर जाळी शिवायला ठेवलं, मग वर्षभर बघून पुन्हा बोटीवर घेतलं. खळ्याच्या बांधावर लावलेला माड कमरेला लागला.

दोन हजार तीनचा शिमगा उजाडला. सदू पाच दिवस आधीपासून झोपला नव्हता, यावेळी नुसत्या आनंदानं. दुपारी तो दांडीशी आला तेव्हा विठूआजा वाट अडवून उभा होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा टाचा उंचावून पुढे झुकला आणि सगळ्या गावासमोर त्यानं सदूचं तोंड हुंगलं. लोक हसले, सदूही हसला. पण आजा बाजूला होईना. तोंड सदूच्या कानाशी नेऊन तो पुटपुटला, "सद्या, औंदा मी खरंच इसरलोय. पुरली ती आठवते, जागा आठवत नाय. कुनाला सांगू नको."

आणि ढोलावर टिपरी पडली.

आता खूण निघाली नाही तर? पुन्हा हेच गाव, हाच म्हातारा, आणि डाव्या दांडीखाली पुन्हा तोच सदू. कोण विश्वास ठेवणार? त्याला वाटलं, म्हातारा विसरून त्या जुन्या जागी, खळ्याच्या बांधाकडेच गेला असेल. खांद्याचा जरासा रेटा दिला की पालखी तिकडे वळेल, बाकीच्यांना कळणारही नाही. पहिल्यांदा पालखी देवळाच्या पायरीशी झुकली. काही नाही. दुसऱ्यांदा रघूच्या अंगणात. काही नाही. गर्दी कुजबुजू लागली. दर्शना तुळशीपाशी पदराचं टोक दातात धरून उभी होती. खळ्याचा बांध उजवीकडे, पन्नास पावलांवर.

सदूनं डोळे मिटले आणि खांदा ढिला सोडला. दांडी जड होती, लाकडाची होती, घट्ट्यावर टोचत होती. त्याला बाकीच्या तिघांचे पाय ऐकू येत होते. पालखी डावीकडे निघाली, बांधाकडे पाठ करून, पऱ्याच्या कडेनं, हळू, मग जोरात, आणि करंजाच्या झाडाखाली अशी झुकली की गोंडे मातीला लागले. खणलं. वीतभर मातीखाली लाल चिंधी दिसली.

गाव जे ओरडलं ते शेजारच्या गावात ऐकू गेलं म्हणतात. कुणी कुणाला मिठी मारली ते कळेना. सदूच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायला हात मोकळा नव्हता.

नारळ विठूआजाच्या हातात दिला. त्यानं चिंधी उलटसुलट करून पाहिली, गाठीवरून अंगठा फिरवला. "गाठ माजीच," तो स्वतःशीच म्हणाला. मग आवाज चढवून बोलला, "गावकार, माजं झालं. पुढच्या शिमग्यापासनं खूण सदूनं पुरायची. त्याचं ध्यान आता चांगलं हाय."

"खूण पुरणाऱ्याला खांदा देता येत नाय," महिपत म्हणाला. "सदू, बघ बाबा. आजच तर मिळालाय."

सगळे सदूकडे बघत होते. त्याचा हात एकदा दांडीवरून फिरला, तिथे जिथे त्याच्या सख्ख्या आजाचा, बापाचा आणि त्याचा घाम मुरला होता. मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि नारळ त्यात गुंडाळून घेतला.

"किती खोल पुरायची, आजा?" त्यानं विचारलं.

"वीतभर," विठूआजा म्हणाला. "आणि जागा कुनाला सांगायची नाय. मला पन नाय."